पॅनेलच्या मागची ओल

जुना फ्लॅट विकायला काढलाय आणि एजंट म्हणतोय, "आधी जरा चकाचक करून घ्या", असं कुणाकडे चाललं असेल तर त्यांनी कृपया हे वाचावं. माझे दोन लाख गेले, त्यातले साठ हजार महत्प्रयासाने परत आले. पण पैशांपेक्षा जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला.

पुण्यात सहकारनगरला आईबाबांचा टू बीएचके. १९८६ सालची सोसायटी, चार मजले, लिफ्ट नाही, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे ठाण्याला आली आणि घर दोन वर्षं बंद राहिलं. दादा बंगळूरला असतो. हक्कसोडपत्र, शेअर सर्टिफिकेट हे कागद आम्ही दोघांनी वेळेत करून घेतले, त्यात काही अडलं नाही. अडलं ते घरातच. बाथरूमच्या छताला आणि पॅसेजच्या भिंतीला ओल आली होती. रंगाचे पोपडे सुटले होते, खालच्या भागात पांढरा खार फुटला होता.

एजंटने फिरून बघितलं आणि म्हणाला, "ताई, असा दाखवला तर पाच-सात लाख कमी येतील. माझ्या ओळखीचा माणूस आहे, तीन आठवड्यांत घर ओळखू येणार नाही." मी ओल दाखवली, ती आधी दुरुस्त करायला स्पष्ट सांगितलं. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, आतून केमिकल मारून घेतो, पाच वर्षांची गॅरंटी." अंदाजपत्रक दोन लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन लाख छत्तीस हजार. दीड लाख आगाऊ दिले. फोटो आल्यावर आणखी पन्नास हजार पाठवले.

फोटो सुंदर होते. पॅसेजला लाकडी रंगाचं पीव्हीसी पॅनेल, बाथरूमला फॉल्स सीलिंग आणि त्यात दोन दिवे. पॅनेल आमच्या बोलण्यात नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "हल्ली गिऱ्हाइकाला हेच आवडतं, वेगळे पैसे घेत नाही." मी खूश झाले. इथे मी थांबायला हवं होतं. ओल होती नेमक्या त्याच दोन जागा त्याने झाकल्या होत्या, आणि ठाण्याला बसून फोटो बघताना हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तिसऱ्याच कुटुंबाने घर पसंत केलं. तरुण नवरा-बायको, सोबत नवऱ्याचे वडील, सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले काका. एक लाख टोकन दिलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा काकांनी पॅसेजच्या पॅनेलवर बोटाच्या पेराने टकटक केलं, मग कान लावला. बाथरूममध्ये स्टूल मागितलं आणि सीलिंगची झडप वर ढकलली. मोबाइलचा उजेड आत टाकला. स्लॅब काळा पडला होता, प्लास्टर सुटून गंजलेल्या दोन सळया दिसत होत्या, आणि एका सळईच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. आमच्या डोळ्यांसमोर तो खाली पडला. काका स्टुलावरून उतरले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. ओल होती हे माहीत होतं, झाकली हे माहीत नव्हतं. पण त्यांच्या नजरेत त्या क्षणी मी फसवणारी होते. टोकन त्याच संध्याकाळी परत केलं.

नंतर वकिलांनी सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. एजंटवर ही जबाबदारी नाही, कंत्राटदारावर नाही, आपल्यावर आहे. काकांनी झडप उघडली नसती तर व्यवहार माझ्या सहीने झाला असता.

मग सोसायटीच्या नेहमीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने वरच्या घरातल्या बाथरूममध्ये रंग मिसळून पाणी सोडलं आणि आम्ही खाली बसून राहिलो. दोन तासांत आमच्या छताला तोच रंग उतरला. वरच्यांचा नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचा सांडपाण्याचा भाग) फुटला होता आणि टाइल्सचे सांधे उघडे पडले होते. म्हणजे आमच्या बाजूने कितीही केमिकल मारलं असतं तरी पाणी येतच राहिलं असतं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, गच्ची आणि बाहेरच्या भिंतीतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चात येते. वरच्या संडास-बाथरूममधून येणारी गळती त्या सभासदाने दुरुस्त करून द्यायची असते. सोसायटीने पत्र दिलं, वरच्यांनी कुरकूर न करता काम करून दिलं. आमच्या बाजूला सळया घासून, रसायन लावून नवं प्लास्टर करायला बावीस हजार लागले. दोन लाख छत्तीस हजारांच्या कामात हे बावीस हजारांचं काम कुठेच नव्हतं.

संशय आल्यावर मी टेप घेऊन बसले. रंगाचं बिल ३,१०० चौरस फुटांचं होतं. दारं-खिडक्या वजा करून मोजलं तर २,०८० भरले. चोवीस रुपये दराने साडेचोवीस हजार तिथेच गेले. जीएसटी लावला होता, पण बिलावर जीएसटी क्रमांकच नव्हता. क्रमांक असता तर तो खरा की खोटा हे जीएसटीच्या पोर्टलवर मिनिटभरात कळतं, इतकं सोपं असून मी बघितलं नाही. आणि पाच वर्षांची गॅरंटी साध्या कागदावर, ना शिक्का ना तारीख.

जाब विचारल्यावर कंत्राटदार चिडला आणि चिडण्याच्या भरात व्हॉट्सॲपवर बोलून गेला, "त्यातले पंचवीस हजार तुमच्या एजंटनेच घेतलेत, त्याला विचारा." तो आवाज मी जपून ठेवलाय. चौकीत "ही दिवाणी बाब आहे" असं सांगून परत पाठवलं. वकिलामार्फत नोटीस गेल्यावर साठ हजार आले. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही आणि वकील नसला तरी चालतं, फक्त घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिलातले उरलेले छत्तीस हजार मी त्याला दिलेले नाहीत.

फ्लॅट पुढे विकला गेला, पहिल्या किमतीपेक्षा तीन लाख कमी आले. या वेळी सीलिंग काढून टाकलं होतं, प्लंबरचं बिल आणि सोसायटीचं पत्र टेबलावर ठेवलं होतं. एजंट घेतला नाही.

एक गोष्ट राहिली. मुख्य दार सागवानी होतं, बाबांनी सुताराला घरी बसवून करून घेतलेलं. दार फुगलंय म्हणून त्या कंत्राटदाराने नवं फ्लश डोअर (प्लायवूडचं सपाट दार) बसवलं आणि जुनं भंगारात घेऊन गेला, बिलातून आठशे रुपये वजा केले. तोरणाचे दोन पितळी हूकही त्याच्यासोबत गेले. दार परत मागितलं तर त्याने तीनदा तीन वेगळ्या जागा सांगितल्या. दोन ठिकाणी मी स्वतः जाऊन आले. आई अधूनमधून विचारते, "दार नीट बंद होतं ना गं आता?" तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.