चुकलेला फॉर्म 16 आणि अशोक चौकातल्या कर सल्लागार मॅडम

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी क्वालिटी बघायचो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून 2024 च्या नोव्हेंबरअखेर नोकरी सोडली, फेब्रुवारीत दुसरीकडं लागलो. जूनमध्ये जुन्या कारखान्याचा फॉर्म 16, म्हणजे वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, हातात आला, तर पगार 8,40,000! महिन्याला 70,000 प्रमाणे एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिन्यांचे 5,60,000 व्हायला हवे होते. न केलेल्या कामाचा पगार माझ्या नावावर चढवला होता.

अकाउंट्सला फोन केला. उत्तर आलं, "सिस्टीममधून आलंय, आता बदलत नाही." आधीच्या वर्षी ज्यानं 300 रुपयांत रिटर्न भरून दिलं होतं, तो म्हणाला, फॉर्मवर आहे तेच भरू. तसं भरलं असतं तर नवीन नोकरीचे 1,44,000 धरून 42,536 रुपये कर बसला असता.

मग शेजाऱ्यांनी या मॅडमकडं पाठवलं. त्यांनी फॉर्मचा भाग अ (तिमाहीवार पगार आणि कापलेला कर) आणि भाग ब (वर्षाच्या पगाराचा तपशील) टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, स्टीलची पट्टी ओळीखाली धरली आणि पेन्सिलनं तिमाहीचे आकडे मांडले: 2,10,000, परत 2,10,000, मग 1,40,000. बेरीज 5,60,000. "दादा, यांच्याच भाग अ मध्ये तुमचा पगार बरोबर आहे. भाग ब मध्ये वर्षभराचा धरलाय." मी तो कागद दहा वेळा बघितला होता, पण माझं लक्ष फक्त शेवटच्या आकड्यावर.

त्यांनी नीट समजावलं. जानेवारी ते मार्च तिमाहीच्या 24 क्यू विवरणपत्रासोबत (पगारातून कापलेल्या कराची कंपनी आयकर खात्याला देते ती माहिती) वर्षभराच्या पगाराचं परिशिष्ट जातं, चूक तिथं असते. कंपनीनं दुरुस्ती विवरणपत्र भरलं की नवा फॉर्म 16 निघतो. नुसता कागदावर आकडा खोडून चालत नाही, कारण आयकर खात्याकडं जुनाच आकडा राहतो. आठ पगारपत्रकं, बँकेत जमा झालेले आठ पगार आणि रिलीव्हिंग लेटर लावून त्यांनी कंपनीला ईमेल लिहायला लावला. मजकूर त्यांचा, पाठवला मी. भांडणाचा एक शब्द नाही, फक्त पान क्रमांक आणि आकडे. कंपनीनं ऐकलंच नाही तर खरा पगार दाखवूनच रिटर्न भरायचं, एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या आपल्या उत्पन्नाच्या नोंदींत) त्या नोंदीवर हरकत नोंदवायची आणि कागद जपून ठेवायचे, हेही आधीच सांगून ठेवलं. त्या दिवशी मला रात्री झोप लागली.

रिटर्नची मुदत त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत वाढली होती, म्हणून त्यांनी घाई केली नाही. दुसऱ्या ईमेलनंतर ऑगस्टमध्ये दुरुस्त फॉर्म आला. दोन्ही नोकऱ्यांचे मिळून एकूण 7,04,000, त्यातून पगारदारांना सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट 75,000 गेली की उरले 6,29,000. 2024-25 साठी नव्या करप्रणालीत 7 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम 87 ए ची करसूट होती, म्हणजे कर शून्य. पगारातून कापलेला सगळा कर (टीडीएस) बँक खात्यात परत आला. आईच्या फिजिओथेरपीला तेच पैसे लागले.

फी 800 रुपये, पावतीसह. ती त्यांनी रिटर्न भरल्यावरच घेतली.

तक्रारी दोन. जिना अरुंद आणि उंच आहे, वयस्कर माणसाला त्रास होतो. आणि दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत. जुलैत तर बाकावर दीड तास बसलो. पण त्या वेळात माझ्याआधीच्या आजोबांना त्या तेलुगूत पेन्शनचा हिशोब सांगत होत्या, एका बाईंशी कन्नडमध्ये बोलल्या, आणि कुणालाही अर्ध्यात उठवलं नाही. माझीही पाळी तशीच पूर्ण मिळाली.

वर्षात नोकरी बदललेली असेल तर दोन्हीकडची पगारपत्रकं आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत घेऊनच जा. मॅडम पहिल्यांदा तेच मागतात.