कोल्हापूर ते तीर्थन: गळासाठी आखून घेतलेल्या एकवीस दिवसांच्या प्रवासाचा अभिप्राय

शिरोली नाक्यावरून पुण्याकडे जाणारा आपला महामार्गच पुढे मुंबई, सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत थेट दिल्लीला पोहोचतो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून ‘एन. एच. चार’ असला तरी आज त्याचा क्रमांक ४८ आहे. या रस्त्याने स्वतःची गाडी घेऊन हिमाचलपर्यंत जायचे आणि तिथल्या तीर्थनसारख्या थंड नद्यांत ट्राउट माशासाठी गळ टाकायचा, हे आम्हा चौघांच्या मनात पाच-सहा वर्षांपासून होते. पंचगंगेच्या डोहात आणि राधानगरीच्या बॅकवॉटरला मरळ, वाम, रोहू यांच्यामागे आमचे बरेच आयुष्य गेले आहे. पण ट्राउटला वर्षभर थंड आणि वाहते पाणी लागते, ते आपल्याकडे मिळत नाही. अखेर राजारामपुरीतील एका छोट्या प्रवास-नियोजन कार्यालयाकडून आम्ही संपूर्ण आराखडा करून घेतला आणि ४ ते २४ ऑक्टोबर २०२४ या काळात तो प्रत्यक्ष अनुभवला. असा लांबचा बेत ठरवणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांच्या समोर बसून सांगितल्या आहेत.

आराखड्याचे शुल्क चौघांचे मिळून ९,००० रुपये झाले. त्यात मार्ग, मुक्काम, परवान्यांची माहिती, गाडीच्या तयारीची यादी आणि प्रवासभर फोनवर मदत एवढे येत होते. गाडी, इंधन आणि राहण्याचा खर्च आमचा.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट घडली, ती आधी सांगतो. आमच्याबरोबर येणारे मामा राधानगरी तालुक्यातले. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे आणि त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी दाजीपूरच्या रानात हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून जनावरे शिकाऱ्याकडे हाकायला, जात असत. दाजीपूरचे ते रान संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेले होते आणि १९५८ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. घरात शिकारीच्या गोष्टी ऐकतच मोठे झालेल्या मामांनी सहज विचारले, “डोंगरात रानकोंबडा वगैरे मिळाला तर?” नियोजकाने आराखड्यावरची पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “मामा, बंदूक घरातच राहू दे. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, ती इथंही आणि तिथंही. तुमचा परवानाही शेतापुरता आहे. गाडीत बंदूक असेल, तर हे काम मी घेणार नाही.” मामा क्षणभर गप्प बसले आणि मग म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, साहेब.” गिऱ्हाईक हातचे जाईल याची पर्वा न करता इतके स्पष्ट बोलणारा माणूस मला त्याच क्षणी पटला. शिकारीच्या ओढीला त्यांनी दुसरी वाट काढून दिली. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात रीतसर परवानगी काढून दोन दिवसांची पायपीट त्यांनी बेतात घातली आणि सोबत स्थानिक वाटाड्या ठरवून दिला. २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळ झालेल्या या उद्यानात हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराणा राहतो. तो आम्हाला दिसला नाही. पण ओल्या मातीतला ताजा माग पाहून जनावर किती वेळापूर्वी गेले असेल हे वाटाड्याने सांगितले, तेव्हा मामा गुडघ्यावर बसून तो माग कितीतरी वेळ बारकाईने पाहत राहिले.

या सेवेचे खरे बळ तिच्या तारखांच्या निवडीत आहे, आणि त्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. आम्ही मे महिन्याची सुट्टी धरून बसलो होतो. त्यांनी ती तारीख तिथेच खोडली. मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळून नद्या गढूळ आणि जोरकस होतात, जुलै-ऑगस्ट पावसाचे, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या विणीमुळे हिमाचलात मासेमारी बंद असते. पाणी नितळ, ओघ आवरलेला आणि हंगाम चालू, असा काळ म्हणजे मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवले. त्यातही एक अडचण होती. आपला दसरा ज्या दिवशी सोने वाटून संपतो, त्याच दिवशी कुल्लूचा दसरा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. त्या काळात कुल्लू खोऱ्यात खोली मिळणे कठीण आणि रस्ते भरलेले. म्हणून घटस्थापनेला अंबाबाईचे दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी निघायचे, विजयादशमीच्या आत औटला मुख्य रस्ता सोडून तीर्थन खोऱ्यातल्या बंजारकडे वळायचे आणि दसऱ्याच्या गर्दीत कुल्लूकडे फिरकायचेच नाही, असा बेत त्यांनी बसवला. तो तंतोतंत उतरला. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला दसरा, शिवाय दुसरा शनिवार आणि पुढे रविवार. मत्स्यव्यवसाय खात्याचे कार्यालय बंद राहील हे ओळखून पुढच्या सगळ्या दिवसांचे परवाने १० तारखेलाच काढून घ्या, असे आराखड्यात ठळक अक्षरात लिहिले होते. आमच्या शेजारच्या खोलीतल्या दोघांना मात्र परवान्याअभावी दोन दिवस नदीकाठी नुसते बसून राहावे लागले.

गाडीच्या तयारीची यादीही कामाची निघाली. गळाच्या काठ्या टपावर न बांधता चार इंची पीव्हीसी पाइपमध्ये घालून आतल्या बाजूने सीटलगत बांधायच्या, हे त्यांचेच सांगणे. पाच हजार किलोमीटरमध्ये एकही काठी तडकली नाही. जालोडी खिंडीचा रस्ता अतिशय चढाचा आहे, भरलेल्या गाडीने तो मोह टाळा आणि गेलातच तर उतारावर पहिल्या गिअरमध्येच राहा, असे त्यांनी लिहिले होते. आम्ही सामान जिभी गावात खोलीवर ठेवून गेलो आणि परतताना त्या सूचनेचा अर्थ ब्रेकच्या वासावरून कळला, कारण पुढची एक गाडी रस्त्याच्या कडेला धूर सोडत उभी होती.

आता तक्रार. नदीवरचे दिवस ज्यांनी इतक्या काळजीने आखले, त्यांनी रस्त्यावरचे दिवस मात्र नकाशावर पट्टी ठेवून आखल्यासारखे आखले. पहिल्या दिवशी कोल्हापूर ते वडोदरा, म्हणजे जवळजवळ आठशे किलोमीटर. कागल ते सातारा सहापदरीकरणाचे काम तेव्हा चालू होते, जागोजागी वळणरस्ते होते, हे कोल्हापुरात बसून नियोजन करणाऱ्याला माहीत नसावे, हे मला पटत नाही. पेठ नाका ओलांडायलाच आम्हाला अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळ लागला, पुढे ठाणे-घोडबंदरला संध्याकाळची गर्दी सापडली आणि रात्री साडेबारा वाजता आम्ही वापीला थांबलो. वडोदऱ्याच्या खोलीचे आगाऊ दिलेले पैसे गेले. त्याहून गंभीर बाब म्हणजे शेवटचे दोन तास माझा भाऊ डोळे ताणून गाडी चालवत होता. दुसऱ्या दिवशी कसाबसा उदयपूर, तिसऱ्या दिवशी दिल्ली ओलांडताना पुन्हा रात्र, आणि आराखड्यानुसार ७ तारखेला संध्याकाळी तीर्थनच्या काठी असायला हवे होते ते आम्ही ८ तारखेला दुपारी पोहोचलो. नदीवरचा एक दिवस असा रस्त्यातच गेला. चारचाकीने एवढ्या लांब जाणाऱ्यांच्या बेतात रोज पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर आणि अंधारात चालवणे असता कामा नये, असे माझे ठाम मत झाले आहे. हे मी त्यांना फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी सबब न सांगता परतीचा मार्ग त्याच रात्री नव्याने आखून पाठवला. परतताना पाच मुक्काम झाले आणि सगळे दिवसाउजेडी पार पडले.

उहल नदीकाठच्या बरोट गावातल्या मुक्कामाची खोली ठीक होती, जेवण साधे होते. आमच्याबरोबर कांदा-लसूण चटणी आणि भडंगाचा डबा असल्याने काही अडले नाही.

तीर्थनबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे. गुशैणी गावापासून वर नदीत मोठमोठे दगड आहेत आणि प्रत्येक दगडाच्या मागे, जिथे ओघ फुटून शांत होतो, तिथे ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. वाहत येणारे किडे त्याच्याकडे आपसूक येतात, म्हणून तो हलत नाही. आपण पंचगंगेला कणकेचा गोळा लावून बसून राहतो. इथे बसून चालत नाही. छोटा स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचे खोटे आमिष, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा, तो दगडाला वळसा घालून खाली येईपर्यंत रीळ गुंडाळत राहायचे आणि चार-पाच फेकींनंतर पुढच्या दगडाकडे सरकायचे. नियोजकाने दिलेल्या वाटाड्याने आम्हाला हे पहिल्या तासातच शिकवले आणि आमच्या गळांच्या काट्यावरचे उलटे टोकही पक्कडीने दाबून टाकायला लावले, म्हणजे माशाला सोडताना फारशी जखम होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काठीला पहिला ब्राऊन ट्राउट लागला. वीतभरापेक्षा थोडा मोठा असेल. अंगावर तपकिरी-सोनेरी झाक, काळे ठिपके आणि मधूनमधून फिकट कड्यातले लाल ठिपके, जणू कुणी कुंकवाची बोटे टेकवली आहेत. वाटाड्या म्हणाला, “हाथ गीला करो पहले,” कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागू शकतो. हात बुडवले तेव्हा पाणी इतके गार होते की बोटे बधिर झाली. मासा पाण्यातच धरून गळ काढला, तोंड प्रवाहाकडे करून धरला आणि कल्ले नीट चालू लागल्यावर सोडला. हा मासा मुळात या देशाचा नाही. इंग्रजांनी आधी काश्मीरमध्ये आणि १९०९ मध्ये कुल्लूच्या खोऱ्यात आणून सोडला. तरीही त्या पाण्यात तो इतका आपला वाटला की मामांनी त्या दिवसानंतर खाण्यासाठी एकही मासा ठेवू दिला नाही. बरोटला उहल नदीकाठी खात्याचे ट्राउट केंद्र आहे, तिथून विकत घेतलेला मासा आम्ही एकदाच भाजून खाल्ला.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांना मासेमारीचा हंगाम, परवाने आणि नदीचा स्वभाव यांची नेमकी माहिती हवी आहे, त्यांनी नक्की घ्यावी. इतका अभ्यास करून बोलणारे कार्यालय कोल्हापुरात मला दुसरे भेटलेले नाही. मात्र मार्गाचा भाग हातात घेऊन स्वतः तपासावा, रोजचे अंतर आपल्या चालकाच्या ताकदीप्रमाणे कमी करून मागावे आणि पहिल्या मुक्कामाचे आगाऊ पैसे देऊ नयेत. परत आल्यावर मी त्यांच्या कार्यालयात जाऊन वापीची पावती टेबलावर ठेवली. त्यांनी वडोदऱ्याच्या खोलीचे निम्मे पैसे परत केले आणि मार्चमधल्या गटासाठी तयार होत असलेल्या आराखड्यात माझ्यासमोरच पहिला मुक्काम वडोदऱ्याऐवजी वापी केला.