मे महिन्यात घारापुरी की जंजिरा?

शाळा सुटल्या की भुसावळात हा प्रश्न येतोच. दोन्ही बेटं, दोन्हीकडे बोटीनेच जायचं. मी दोन्ही मे महिन्यातच केली, तीही आईला घेऊन.

आधी उन्हाचं. इथलं ४५ सोसणाऱ्याला मुंबईचं ३४ काय करणार, असं मलाही वाटायचं. आपलं ऊन कोरडं. डोक्याला रुमाल, खिशात कांदा, निभतं. तिथे घाम वाळतच नाही. गेटवेला बोटीत बसेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता.

घारापुरी सोपी. रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, गेटवेहून तासाभराची बोट. धक्क्यावरून छोटी आगगाडी, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. पण दुतर्फा दुकानं आणि त्यांची ताडपत्री डोक्यावर. लेण्यात शिरलं की दगड गार. आई खांबाला टेकून बसली ती अर्धा तास उठली नाही. समोर सुमारे २० फुटांचा त्रिमुखी सदाशिव, मधलं मुख डोळे मिटलेलं. दशम्यांची पिशवी मात्र सांभाळा. आमची शेंगदाण्याची चटणी माकडाने फडक्यासकट नेली. सोमवारी लेणी बंद.

जंजिऱ्याला मुक्काम आलाच. मुंबईहून मुरूड दीडशे किलोमीटरच्या वर. मांडव्याच्या रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, थोडं सुसह्य होतं. राजपुरीहून शिडाची होडी, इंजिनाची घरघर नाही. प्रवास म्हणून घारापुरीची बोट हिच्यापुढे काहीच नाही. तटाला अगदी भिडेपर्यंत दरवाजा दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा बाजूला पंजांत हत्ती धरलेला शरभ, सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरलेला. (घारापुरीचा दगडी हत्ती, ज्यावरून पोर्तुगिजांनी एलिफंटा नाव दिलं, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.) आत मात्र सावली शोधावी लागते. कलालबांगडी तोफेला पोराने हात लावला नि तव्याला लागावा तसा मागे घेतला. वर होडीवाल्याची पाऊण तासाची घाई. पावसाळ्यात तर होड्याच बंद.

म्हणून मेमध्ये, म्हाताऱ्या माणसांसोबत, घारापुरी. आणि तीही पहिल्या बोटीने. जंजिरा दिवाळीनंतर. आम्ही गेलो तेव्हा होडी दरवाज्याशी इतकी हेलकावत होती की आई उतरलीच नाही. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि किल्ल्यात गोड्या पाण्याचं तळं, हे तिला मी परतताना सांगितलं. चार दिवसांआड नळाला पाणी बघणारी बाई ती, अजून विचारते, "खरंच गोडं होतं का रे? चाखलंस का?"