गड्ड्यातला ऑरोरा लॅम्प: हिरवा बंद, लाल चालू

यंदा गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेत, होम मैदानावरच्या एका स्टॉलवरून तो छतावर रंग फिरवणारा ऑरोरा लॅम्प घेतला. स्टॉलवाला साडेआठशेवर अडून होता, बायको सरळ पुढं चालायला लागली तसं "ओ ताई, घ्या की" करत साडेपाचशेला दिला. खोक्यावर हिरव्यागार आकाशाचा फोटो आणि मोठ्या अक्षरात ऑरोरा बोरिआलिस, म्हणजे उत्तर ध्रुवाकडं रात्री आकाशात दिसणारा रंगीत उजेड.

आधी तक्रारी. आतली मोटर कुरकुर करते, पंखा चालू असला की ऐकू येत नाही आणि सोलापुरात पंखा बंद असतो कधी म्हणा. चांदण्या म्हणून जे हिरवे ठिपके पडतात ते लेझरचे आहेत, पोरं सरळ भिंगाला डोळा लावायला बघतात, त्यामुळं कपाटावर उंच ठेवा. आणि हिरव्या मोडमध्ये फोटोतल्यासारखं काही दिसत नाही, मंगल कार्यालयाचं लायटिंग वाटतं.

लाल मोड मात्र लई भारी. बाकी सगळे रंग बंद, ब्राइटनेस कमी, आणि लॅम्पचं तोंड छताकडं न करता उत्तरेच्या भिंतीला, पार खाली. नाव खरं तर यालाच शोभतं. ऑरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवी, तिचं नाव आणि आपल्या ऋग्वेदातली उषा एकाच मुळातून आलेत, आणि बोरिआलिस हे बोरिअसवरून, तो ग्रीकांचा उत्तरेचा वारा, म्हणजे उत्तरेची पहाट. आता डोक्यावर हिरवे पडदे हलताना बघून पहाट कुणाला आठवेल? पण हे नाव १६१९ ते १६२१ च्या सुमारास इटलीतला गॅलिलिओ आणि फ्रान्समधला गॅसेंदी या शास्त्रज्ञांकडून आलं (आधी कोण यावर वाद आहेच), आणि तिकडं युरोपच्या दक्षिणेत बहुतेक वेळा खालचा हिरवा थर क्षितिजाआड राहतो, दोनशे किलोमीटरच्या वरचा ऑक्सिजनचा लाल तेवढा दिसतो, उत्तरेला तांबडं फुटल्यासारखा. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेहून टिपलेलं आकाशपण लालच होतं. जिथं हे डोक्यावर नाचतं त्या फिनलंडमध्ये याच्या नावात पहाट नाहीच, ते म्हणतात रेवोन्तुलेत, कोल्ह्याचे जाळ.

रिमोटवर लालचं बटण सगळ्यात खाली आहे, त्यावर काहीच छापलेलं नाही. चार्जर खोक्यात नाही, मोबाईलचा चालतो. साडेपाचशेला ठीक आहे, साडेआठशे देऊ नका.