ट्रॅव्हल इन्शुरन्स: मे महिन्यात थायलंडला आईचा हात मोडला, क्लेमचे शेवटचे पैसे आत्ता आले

मागच्या आठवड्यात उरलेले पैसे खात्यात जमा झाले म्हणून आता निवांत लिहितो. क्रबीहून परत आल्या आल्या लिहिलं असतं तं नुसती तारीफ झाली असती, आणि पोळ्याच्या सुमारास लिहिलं असतं तं नुसत्या शिव्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्लॅन नेहमीचाच, एशियाचा, ५० हजार डॉलरवाला, म्हणजे परदेशात दवाखान्याचा खर्च तेवढ्यापर्यंत कंपनी देते.

आमचं आर्वीकडे कृषी केंद्र आहे. टार्गेट पूर्ण झालं की बियाण्याच्या नाहीतर औषधाच्या कंपन्या डीलर लोकांना बँकॉकला नेतात, तिथं सगळं त्यांचीच माणसं पाहतात, आपल्याला फक्त बॅग उचलायची असते. घरच्यांना घेऊन जायचं पहिल्यांदाच ठरलं. दुकान बंद ठेवायला मे चा पहिला पंधरवडाच सापडते, त्यानंतर बियाण्याची गर्दी. क्रबीकडे मे मध्ये पावसाळा लागते, समुद्र हलते, म्हणून पॅकेजही स्वस्तात मिळालं. मी, बायको, दोन्ही पोट्टे आणि आई. आई सहासष्ट वर्षांची, शुगर आणि बीपी दोन्हीच्या गोळ्या चालू.

टूरवाला म्हणे पॅकेजमध्ये इन्शुरन्स इन्क्लुडेड आहे. मी सर्टिफिकेट मागितलं, तं त्यात वय ६० पर्यंतच, म्हणजे ज्या माणसासाठी पाहिजे तेच बाहेर. म्हणून वेगळी पॉलिसी काढली, आईची शुगर-बीपी फॉर्ममध्ये लिहून. पाचही जणांचे मिळून साडेतीन हजाराच्या आत, त्यातले निम्मे एकट्या आईचे. दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या लोकांनी लगेच सांगितलं की पैसे बुडाले समज. विमा म्हटलं की आमच्याकडे माणूस पीकविमाच समजते. २०२३ च्या खरिपात तो एक रुपयात झाला होता, २०२५ पासून पुन्हा खरिपाला २ टक्के हिस्सा भरावा लागून राहिला, आणि नुकसान झालं की नुसती वाट पहा, हेच बोलणं रोज ओट्यावर चालते. त्यांचंही चूक नाही, त्यांनी विमा तेवढाच पाहिलेला आहे.

आओ नांगच्या किनाऱ्यावर लाँगटेल बोटीतून उतरताना लाट आली, शिडी ओली होती, आई उजव्या हातावर पडली. मनगट पाहूनच कळलं की मोडलं. किनाऱ्यावरच्या एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढला आणि तिथून अ‍ॅम्ब्युलन्सने क्रबी टाउनच्या प्रायव्हेट हॉस्पिटलात. हात एवढा सुजला होता की अंगठी निघेना. नर्सने अंगठीच्या खालून दोरा घातला, बोटाला घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळला आणि दुसरं टोक हळूहळू उलगडत अंगठी बाहेर काढली, कापू दिली नाही. आईचं सगळं लक्ष भलतीकडेच, "बाबू, पैसे किती लागून राहिले रे? इथं काही करू नको, नागपूरले चाल." डॉक्टर म्हणे हाड सरकलं आहे, बोटात मुंग्या आहेत, प्लेट टाकावी लागेल आणि थांबू नका. काउंटरवर सांगितलं की एक लाख बाथ डिपॉझिट भरा नाहीतर इन्शुरन्स कंपनीचं गॅरंटी लेटर आणा. एक लाख बाथ म्हणजे अडीच लाखाच्या वर. फॉरेक्स कार्डावर तेवढे नव्हते.

आता खरा मुद्दा. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, लाल पट्टीत, जाड अक्षरात एक नंबर: १८०० चा टोल फ्री. तोच नंबर पॉलिसीच्या एसएमएसमध्ये, तोच अ‍ॅपमधल्या इमर्जन्सी बटणामागे. १८०० चा नंबर भारताबाहेरून लागत नाही. थायलंडच्या सिमवरून लावला, तिकडच्या भाषेत टेप वाजली. पुढे ९१ लावून लावला, तेच. आपल्या सिमला रोमिंग पॅक मारला होता, त्यावरूनही नाही. आई तिकडे स्ट्रेचरवर, पोट्टे भेदरून बसलेले, काउंटरवरची बाई घड्याळाकडे पाहून राहिली, आणि मी लागतच नाही तो नंबर दाबून राहिलो. शेवटी बायकोने बाकावर बसून मोबाईलवर पूर्ण पीडीएफ झूम करकरून वाचली आणि अकराव्या पानावर, एका तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरात परदेशातून लावायचा +९१ वाला नंबर आणि मेल आयडी सापडला.

हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही. ही पॉलिसी भारतात वापरताच येत नाही. ती इमिग्रेशन ओलांडल्यावरच लागू होते. मग तिच्या पहिल्या पानावर फक्त भारतातून लागणारा नंबर काहून? १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना सोप्या भाषेतली माहितीची शीट, ते सीआयएस (कस्टमर इन्फर्मेशन शीट), नव्या रूपात द्यावं लागते, मी मुद्दाम तीही उघडून पाहिली, तिच्यातही १८०० च. एवढी मोठी कंपनी, एवढे शिकलेले लोक, कोणाच्याच लक्षात आलं नसेल असं मला पटत नाही, आणि आलं असेल तर मग जास्तच वाईट आहे. रात्री दोन वाजता एकटी म्हातारी माणसं हॉस्पिटलात असतील, त्यांनी अकरावं पान कसं शोधायचं?

आणि तो बरोबर नंबर लागल्यावर जे झालं तेही तेवढंच खरं आहे. पहिल्या रिंगला एका बाईने फोन उचलला, हिंदीत बोलली, पॉलिसी नंबर विचारला, केस नंबर दिला आणि म्हणे आता तुम्ही फोन ठेवा, मी हॉस्पिटलशी बोलते. त्यांच्या डॉक्टरने इथल्या डॉक्टरशी डायरेक्ट बोलणं केलं. मला परत फोन करून समजावलं की अशा हातानं विमानात बसवणं बरोबर नाही, ऑपरेशन इथंच करा, आणि आईलाही दोन मिनिटं फोनवर धीर दिला. संध्याकाळी गॅरंटी लेटर हॉस्पिटलच्या मेलवर आलं. बिल झालं दोन लाख बाथच्या वर, आपले साडेपाच लाखाच्या आसपास. ते कंपनीनं परस्पर भरलं, मला भरावे लागले फक्त १०० डॉलरचं डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण स्वतः भरायचा हिस्सा. साडेपाच लाख म्हणजे आमच्याकडे कितीतरी क्विंटल कापूस होते, हा हिशोब मी त्या रात्री झोप येईना तेव्हा केला.

बायको आणि पोट्टे ठरलेल्या दिवशी निघाले, मी आणि आई मागं थांबलो. फिट टू फ्लाय सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय विमानवाले घेत नाहीत. आणि प्लास्टर ताजं असेल, ४८ तासांच्या आतलं, तर विमानात सूज वाढते म्हणून ते उभं चिरून द्यावं लागते, ही गोष्ट मला तिथंच कळली. आमचं त्याच्या पुढचं होतं म्हणून तसंच आलो.

इथपर्यंत माझ्याकडून पाच स्टार. पुढचं जे आहे ते क्लेमचं, आणि त्यात पूर्ण खरीप गेला.

कॅशलेसमध्ये, म्हणजे कंपनीनं हॉस्पिटलला परस्पर भरलं त्यात, न बसलेला खर्च आपण भरून नंतर मागायचा असते: किनाऱ्यावरचं क्लिनिक, अ‍ॅम्ब्युलन्स, औषधं, एक ड्रेसिंग, आणि आमच्या दोघांच्या तिकिटाची तारीख बदलली त्याचे पैसे. सगळं मिळून पन्नास हजाराच्या थोडं खाली. कागद पाठवले आणि टीपीएचे, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीचे, मेल सुरू झाले, एक उत्तर दिलं की दुसरा. इकडे दुकानावर बियाण्यासाठी रांग लागलेली. पासपोर्टच्या शिक्क्यांची पानं, बोर्डिंग पास, कॅन्सल चेक, हे समजते. पण एक मेल असा की घटनेच्या वेळी पेशंट अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट करत होता का. बोटीच्या शिडीवरून उतरणारी सहासष्ट वर्षांची बाई! दुसरा मेल, शुगर पहिल्यांदा कधी निघाली त्याचा कागद द्या. अहो, हात पडल्यामुळे मोडला, शुगरमुळे नाही, आणि शुगर तर आम्ही फॉर्ममध्येच लिहिली होती. तरी गावातल्या डॉक्टरांनी लेटरपॅडवर लिहून दिलं, ते पाठवलं.

एका गोष्टीत माझं मत बदललं आहे. क्लिनिकची पावती पूर्ण थाई भाषेत होती म्हणून त्यांनी ती परत केली, तेव्हा मला लई राग आला होता. आता वाटते की ते मागणं बरोबर होतं, त्यांना तरी काय कळणार कशाचे पैसे आहेत ते. क्लिनिकला मेल केला, त्यांनी दोन दिवसात इंग्रजी पावती पाठवली. तुम्ही कुठंही गेलात तरी बिल इंग्रजीत आणि आयटमवार तिथंच मागून घ्या, डिस्चार्ज समरी आणि एक्स-रेची सीडीसुद्धा.

तरीही पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधी मेल आला: तिकिटाचे पैसे नामंजूर, वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. हॉस्पिटलच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की अमुक तारखेच्या आधी प्रवास करू नये. मी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला ते वाक्य लाल गोल करून पाठवलं. दोन आठवड्यात उत्तर नाही, म्हणून आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली (फोन करायचा असेल तर १५५२५५). ऑनलाइन होते, एजंट लागत नाही, पैसे लागत नाहीत. त्याच्या पुढची पायरी विमा लोकपालाची, तीही फुकट, वकील लागत नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि एक महिना थांबणं झालेलं पाहिजे, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागते. मी लोकपालाची तयारी करूनच बसलो होतो, पोर्टलवरच काम झालं. कंपनीचा फोन आला, अतिशय गोड बोलले, तिकिटाचे पैसे मंजूर. कागद पूर्ण असून उशीर केला तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यावं लागते, ते मी मागितलं, तेही जमा झालं. रक्कम किरकोळ आहे पण मी सोडली नाही.

फोनवाल्याला मी पहिल्या पानावरच्या नंबरचंही सांगितलं. तो म्हणे फीडबॅक पुढं पाठवतो.

नागपूरला आल्यावर जी फिजिओथेरपी झाली ती ट्रॅव्हल पॉलिसीत मिळाली नाही, ते पॉलिसीत लिहिलेलंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. आईची मूठ आता पूर्ण बंद होते, भाकर थापते.

शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोचं कव्हर सक्तीचं आहे म्हणून युरोपला जाणारा माणूस काढतेच. थायलंडला आमच्याकडून कोणी विचारलं नाही, म्हणून लोक तीन हजार वाचवतात. त्यातही जवान पोट्ट्यांची काढतात आणि म्हाताऱ्यांची महाग पडते म्हणून सोडतात, हे तर मला अजिबात पटत नाही. आणि जी पोरं तिकडे जाऊन भाड्यानं स्कूटर घेतात त्यांनी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट बनवूनच जावं, लायसन्स नसताना किंवा दारू पिऊन पडलं तर क्लेम जातो, मग कोणी कितीही भांडो.

साळ्याचं कुटुंब डिसेंबरात नागपूरहून शारजाला जाणार आहे, सोबत त्याचे वडील, दोन स्टेंट टाकलेले. पॉलिसी मीच काढून दिली. माझीच कंपनी घ्यायची होती पण तिच्या त्या प्लॅनमध्ये जुन्या आजारावर जिवावर बेतलं तरच आणि तेही थोडंसंच कव्हर आहे, म्हणून दुसऱ्या कंपनीची घेतली, जुन्या आजाराचं वेगळं कव्हर असलेली. एकट्या मामाजींचा प्रीमियम बाकी तिघांपेक्षा जास्त आला. साळ्याने थोडी कुरकुर केली, मग भरले. पैसे भरायच्या आधी मी त्या कंपनीचा परदेशातून लावायचा नंबर मागून घेतला, शारजात राहणाऱ्या आमच्या गावच्या एका पोराला लावून पाहायला सांगितला. लागला, आणि माणसानं उचलला.