बदामीच्या सुट्टीत दोर आणि साड्यांत १९,००० रुपये गेले

२६ जानेवारीला जोडून आलेल्या तीन दिवसांत बदामीत आमचे १९,००० रुपये गेले. प्रस्तरारोहणाच्या दोराचे ९,८००, दोन इरकली साड्यांचे ९,२००. दोन्ही गोष्टी एकाच वाटाड्याने गळ्यात मारल्या.

दोन दिवस त्याने ज्या दोरावर चढवलं, तो अस्सल होता. सगळी चलाखी तिथेच. टोकाला पट्टी, पट्टीवर वर्तुळात १ चा आकडा (एकेरी वापरायचा दोर), ईएन ८९२ (चढाईच्या दोराचं युरोपीय मानक), ६० मीटर, सगळं वाचून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर, गाडी निघता निघता, "याच्याच जोडीचा, न वापरलेला" म्हणून दुसरा दोर गुंडाळलेला हातात दिला. टोकं जाळून बंद केलेली, पट्टी नाही. विचारलंसुद्धा! "मोठ्या रिळावरून कापलाय," म्हणाला. रिळावरून दोर कापून देतात हे खरं आहे, म्हणून पटलं. पण असा कापून मिळणारा दोर बहुतेक वेळा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, असतो, आणि हे मला माहीत होतं. तरी पैसे पाठवले. त्या दोन जळक्या टोकांवरून अजून बोट फिरतंय माझं.

घरी मोजला तर ४७ मीटर. १० मीटर दोर सोडून ८० किलोचा माणूस लटकवला, तर दोर जेमतेम वीतभर ताणला. डायनॅमिक, म्हणजे झटका पचवायला ताणणारा, असता तर पाऊण मीटरच्या आसपास लांबला असता. स्टॅटिक दोर रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, ठीक, पण लीडवर, म्हणजे सगळ्यात पुढे दोर वर नेत चढताना, पडलात तर झटका तो पचवत नाही, सगळा तुमच्या कमरेला आणि खडकातल्या बोल्टला बसतो. शिवाय २५ मीटरच्या मार्गावरून खाली सोडायला ५० मीटरच्या वर दोर लागतो. ४७ मध्ये टोक बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खाली दोर धरणाऱ्याच्या, हातातून निसटून जाणार. मोकळ्या टोकाला गाठ मारा, दोर कोणाचाही असो.

साड्या "विणकराच्या घरी" नेऊन घेतल्या. हातमागाच्या इरकलीत अंगाचा आणि पदराचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो, फासे घालून जोडतात. उलट्या बाजूला तो सांधा दिसतो. आमच्या दोन्ही साड्यांत धागे सरळ पदरात गेलेत. तिथे साडी उलटी करून कोणी बघितलीच नाही. नुसत्या कृत्रिम रेशमावरून मात्र खोटी ठरवू नका, खऱ्या इरकलीतही ते वापरतात.

तक्रारीचं तर विचारूच नका. आमच्या ठाण्यात म्हणाले, गुन्हा कर्नाटकातला, तिकडे जा. हद्दीबाहेरची तक्रारही नोंदवून घ्यावी लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. हे दाखवलं तर "बिल कुठंय?" सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्हीच पाठवलेत म्हणे. बँकेचंही तेच. ग्राहक आयोगाला विक्रेत्याचा पत्ता हवा, आमच्याकडे फक्त मोबाइल नंबर. भारतीय न्याय संहितेत फसवल्याचं कलम ३१८ आहे ना, मग ते लावायचं कोणी? चार ठिकाणी तीच कहाणी सांगितली, एकानेही दोर हातात घेऊन बघितला नाही.

बिल, पट्टी, उत्पादनाचं वर्ष, यातलं एकही नसेल तर दोर फुकट दिला तरी घेऊ नका. पैसे उजेडात, दोर पूर्ण उलगडून, वाव-वाव मोजल्यावरच द्या.

त्याचा नंबर अजून चालू आहे. पुढच्या जोडसुट्टीच्या जाहिरातीत फोटो तोच आहे, पट्टीवाल्या दोराचा.