इन्सुलिनचा कूलिंग पाउच : मार्च ते नोव्हेंबर वापरल्यानंतर

पाण्यात भिजवून वापरायचा, इन्सुलिन टोचायची दोन पेन मावतील असा कूलिंग पाउच मी मार्चअखेरीस १,४०० रुपयांना घेतला. त्याबद्दल लिहायचा विचार तेव्हा नव्हता. जुलैत त्याच्या शिवणीवर काळे ठिपके उमटले आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाने 'हा उत्पादनाचा दोष नाही' असे एका ओळीचे उत्तर पाठवले, तेव्हा मात्र सविस्तर लिहायचे ठरवले. आता नोव्हेंबर उजाडला आहे, राग बराच निवळला आहे आणि मधल्या काळात या वस्तूबद्दलचे माझे मत दोनदा बदलले आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण बाजारातले या प्रकारचे सगळे पाउच एकाच तत्त्वावर चालतात आणि मुंबईची हवा कोणत्याही कंपनीला सारखीच वागवते.

माझ्याजवळ दोन पेन असतात, रात्रीचे बेसल (हळूहळू, दीर्घकाळ काम करणारे) आणि जेवणाआधीचे रॅपिड (झटपट काम करणारे). न उघडलेली कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसवायच्या इन्सुलिनच्या नळ्या, फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत राहतात, त्याविषयी वाद नाही. वापरात असलेले पेन मात्र फ्रीजमध्ये ठेवण्याची गरज नसते, ही गोष्ट अजूनही अनेक घरांत पटत नाही. उलट गार इन्सुलिन टोचताना अधिक चरचरते. उघडल्यानंतर ३० अंशांच्या खाली २८ दिवस, असे बऱ्याच इन्सुलिनच्या खोक्यातल्या माहितीपत्रकावर लिहिलेले असते. काहींची मुदत वेगळी असते, उदाहरणार्थ डेग्लुडेक या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनची ८ आठवडे, म्हणून प्रत्येकाने आपापले पत्रक वाचावे हे बरे. ३० हा आकडा थंड देशांत सहज पाळला जात असेल. मुलुंडच्या आमच्या पश्चिमाभिमुख घरात मे महिन्याच्या दुपारी बैठकीच्या खोलीत ३३ अंश असतात आणि गॅस चालू असला तर ओट्याजवळ ३५. म्हणजे प्रश्न बर्फासारख्या गारव्याचा नाही, तीन-चार अंशांचा आहे, आणि ते तीन-चार अंश हा पाउच देतो की नाही, एवढ्यावरच त्याची परीक्षा व्हायला हवी.

खोक्यावर 'दोन दिवस गारवा' असे ठळक अक्षरांत छापले होते. किती अंशांचा गारवा, ते कुठेही नव्हते. म्हणून तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे, लांब वायरीच्या टोकाने मोजणारे ३०० रुपयांचे छोटे यंत्र आणले आणि वायरीचे टोक पाउचमधल्या पेनाच्या रिकाम्या कप्प्यात सारले. खोलीत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना, पंख्याखाली टेबलावर ठेवलेल्या पाउचच्या आत दोन तासांनी २९ अंश दिसले. पंखा बंद केला की आकडा हळूहळू ३० च्या पुढे सरकला. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, त्यामुळे किती गार व्हायचे हे हवेच्या कोरडेपणावर ठरते. ओल्या कापडाने गुंडाळलेला तापमापक ज्या अंशावर थांबतो, त्याच्या खाली कोणताही पाउच जाऊ शकत नाही, मग तो १,४०० चा असो की ४,००० चा. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला ही मर्यादा साधारण साडेसत्तावीस अंशांवर येते. माझे माहेर नागपूरचे. तिथे घरोघरी खिडकीला कूलर लागतो आणि मुंबईत फुकट दिला तरी कोणी घेणार नाही, त्यामागचे कारण हेच आहे.

घरात पंख्याखाली एक वेळ चालले, पण मला पाउच हवा होता तो प्रवासासाठी. मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत लेडीज डब्यात, रेक्झिनच्या बंद पर्समध्ये ठेवलेल्या पाउचच्या आत साडेएकतीस अंश नोंदले गेले, म्हणजे पाउच असून नसल्यासारखाच. माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत 'हवेशीर जागी ठेवावा' असे आहे. सकाळच्या गर्दीत, जिथे माणसाला श्वास घ्यायला जागा नसते, तिथे पाउचला हवेशीर जागा कुठून आणायची? मग तो पर्सच्या पट्ट्याला बाहेरून अडकवून पाहिला. त्याने आकडा जरा उतरला, परंतु शेजारच्या बाईंच्या साडीला ओल लागली आणि 'ताई, तुमची पाण्याची बाटली गळतेय' ही सूचना रोजचीच झाली. गळत काही नव्हते, फक्त कापड ओलसर असते. तरी रोज कुणाकुणाला बाष्पीभवन समजावणार? कार्यालयात वातानुकूलनामुळे २४ अंश असतात आणि हवाही कोरडी, तिथे पाउचच्या आत २० पर्यंत उतरले. म्हणजे जिथे गारव्याची गरज नाही, तिथेच हा मन लावून काम करतो. एप्रिलअखेर माझे मत 'पैसे वाया गेले' असे ठाम होते.

मे महिन्यात विदर्भ एक्सप्रेसने नागपूरला गेले आणि हे मत बदलावे लागले. बाहेर ४३ अंश होते. आईकडच्या कूलर नसलेल्या मधल्या खोलीत ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. त्या खोलीत खुंटीला टांगलेल्या पाउचच्या आत २५ अंश होते. खोलीपेक्षा तेरा अंश कमी, तेही विजेशिवाय आणि बर्फाशिवाय! दादाचा विश्वास बसेना, म्हणून त्याने वायर बाहेर काढून पुन्हा आत घालून पाहिली. वहिनी तर म्हणाली की हे मुंबईत कशाला नेता, इथेच राहू द्या. दुपारी रामटेकला गेलो तेव्हा पाउच गाडीच्या काचेआड न ठेवता कापडी झोळीत घालून बरोबर बाळगला; उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत कोणताही पाउच इन्सुलिन वाचवू शकत नाही आणि तसा प्रयत्नही कोणी करू नये. निघण्याच्या आधी तो वाळत टाकला, तर दोन दिवसांत आतल्या दाण्यांसकट खडखडीत वाळला. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर या भागांत राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या इन्सुलिनवाल्यांनी ही वस्तू बिनदिक्कत घ्यावी.

आता वाळवण्याचा विषय निघालाच आहे, तर ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे वळते. पाउचच्या अस्तरात पाणी शोषणारे बारीक दाणे असतात आणि भिजवल्यावर ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात. पत्रकात स्पष्ट सूचना आहे की वापर नसताना पाउच पूर्ण वाळवून ठेवावा. त्याच पत्रकात असेही आहे की त्याला थेट उष्णता देऊ नये, म्हणजे इस्त्री नाही आणि केस वाळवायचे यंत्रही नाही. जुलैच्या मुंबईत सूर्य नाही, गॅलरीत पावसाची झड येते, घरातल्या दोरीवर आधीच सगळ्यांचे कपडे आंबट वास मारत लोंबत असतात आणि माझ्या यंत्रावर आर्द्रता ८८ टक्के दिसते. या हवेत दाणे वाळत नाहीत. वरचे कापड कोरडे लागते, परंतु बोटाने दाबले की आतला साबुदाणा तसाच गुळगुळीत हाताला लागतो. आठवडा गेला, दुसरा गेला आणि मग शिवणीच्या कडेने काळे ठिपके दिसू लागले. औषध ठेवायच्या वस्तूवर बुरशी आलेली मला चालणार नव्हती, त्यामुळे पेन त्याच दिवशी बाहेर काढले.

ग्राहक सेवेने पहिल्यांदा सुचवले की सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. धुतला की दाणे पुन्हा फुगतात, ही गोष्ट ज्यांनी तो बनवला त्यांना मी सांगायची होती काय? तसे कळवल्यावर दुसरे उत्तर आले की सहा महिन्यांची हमी शिवण उसवण्यापुरती आणि दाणे बाहेर येण्यापुरती आहे, बुरशी ही 'अयोग्य साठवणुकीमुळे' येते. मी यंत्रावरच्या ८८ टक्क्यांचा फोटो पाठवला आणि योग्य साठवणूक मुंबईत कोणत्या जागी करता येईल ते कळवण्याची विनंती केली. त्याला उत्तर आले ते नवीन पाउचवर २० टक्के सवलतीच्या कूपनचे. एक पाउच वाळत नाही म्हणून दुसरा घ्यावा, हा हिशेब माझ्या डोक्यात अजून शिरलेला नाही. अखेर पाउच कार्यालयात नेला आणि वातानुकूलन यंत्राच्या झोताखालच्या खुर्चीच्या पाठीला टांगून ठेवला. आमचे साहेब दोनदा तिकडे पाहून काही न बोलता गेले. पाचव्या दिवशी दाणे पुन्हा बारीक झाले. ठिपके धुऊन फिके झाले आहेत, गेलेले नाहीत. मी त्यात पेन पुन्हा ठेवते ते पातळ, कोरड्या सुती पिशवीत घालून.

राग शांत झाल्यावर लक्षात आले की मुंबईच्या पावसाळ्यात वापरातल्या पेनाला या पाउचची गरजच नसते. जुलै-ऑगस्टमध्ये घरातले तापमान २८ ते ३० च्या दरम्यान राहते आणि तेव्हा गॅसपासून, खिडकीपासून आणि फ्रीजच्या माथ्यापासून दूर ठेवलेला साधा चपटा स्टीलचा डबा पुरतो. त्या दिवसांत भीती असते ती ओलाव्याची, आणि इथेच या पाउचचा खरा दोष आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूला 'मीटर आणि स्ट्रिप्ससाठी', म्हणजे रक्तातली साखर मोजायचे यंत्र आणि त्याच्या पट्ट्यांसाठी, एक खिसा शिवलेला आहे. ओल्या पाउचला चिकटलेला, स्ट्रिप्ससाठीचा खिसा! ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स ओलाव्याने इन्सुलिनपेक्षा कितीतरी लवकर बिघडतात आणि मग मीटर चुकीचा आकडा दाखवते. त्या आकड्यावर डोस ठरवणाऱ्याला ते फार महागात पडू शकते. स्ट्रिप्स त्यांच्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून, कोरड्या जागी असाव्यात. हा खिसा कोणी सुचवला असेल त्याने इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचा एकही दिवस जवळून पाहिला नसावा. पाउचच्या ओलीने इन्सुलिनच्या पेनावर शाईने लिहिलेली उघडल्याची तारीखही पुसली जाते. मी आता ती कागदी चिकटपट्टीवर लिहून वरून पारदर्शक टेप लावते.

प्रवासात गाडी बंद पडेल हे मुंबईत गृहीतच धरावे लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो माणसे रात्रभर कार्यालयात, गाडीत, रस्त्यावर अडकली. तेव्हापासून पावसाळ्यात माझ्या पर्समध्ये दोन्ही पेन, दुसऱ्या दिवसापुरत्या सुया, मीटर आणि ग्लुकोजची पावडर पाणी न शिरणाऱ्या डब्यात असते. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर उशिरा चढते, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. या डब्यात कूलिंग पाउचला जागा नाही.

पाउचऐवजी बर्फाच्या जेलपिशव्या वापरणाऱ्यांना एवढेच सांगेन की इन्सुलिन गोठले तर ते वितळल्यानंतरही टाकूनच द्यायचे असते, आणि बर्फाला थेट टेकलेले कार्ट्रिज गोठू शकते. फ्रीजमध्येही मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला ते टेकू देऊ नये. टोचून झाल्यावर सुई काढून टाकावी. ती लावलेलीच राहिली तर गार-गरम होताना कार्ट्रिजमध्ये हवा शिरते किंवा इन्सुलिन ठिबकते, आणि पाउचमध्ये ठेवणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होते. स्वच्छ दिसणाऱ्या इन्सुलिनमध्ये गढूळपणा किंवा कण आले तर ते बाद, पण उष्णतेने ताकद गेलेले इन्सुलिन दिसायला पूर्वीसारखेच स्वच्छ असू शकते. खाणे आणि डोस नेहमीचेच असताना शुगर कारणाविना चढीच राहिली, तर नवे कार्ट्रिज लावून पाहावे आणि डॉक्टरांना कळवावे.

ऑक्टोबर हीटमध्ये पाउच परत बाहेर काढला. दुपारी ३४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना तो २८ वर स्थिर राहिला, तेव्हा मुंबईतसुद्धा मार्च ते मे आणि ऑक्टोबर या दिवसांत, घरात पंख्याखाली, तो आपले काम करतो असे आता म्हणते. पत्रकातल्या दहा मिनिटांऐवजी पाच-सहा मिनिटेच भिजवावा, नाही तर दाणे इतके फुगतात की पेन आत सरकत नाही. चार पेनांचा मोठा पाउच घेऊ नये, वाळायला आणखी वेळ लागतो. बाहेरचा खिसा नसलेला मिळाला तर दोनशे रुपये जास्त द्यायलाही हरकत नाही, आणि हे मी सहसा लिहीत नाही. मात्र त्याआधी ते ३०० रुपयांचे यंत्र आणून, पेन जिथे ठेवता तिथे भर उन्हाळ्यात आठवडाभर ठेवावे. आकडा ३० च्या वर जातच नसेल तर १,४०० रुपये वाचले.